सासूबाईंचा साचा

आमच्या घरी एक गाडी आहे आणि तिच्यात दोनच माणसं बसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात चार माणसं होती: सासूसासरे, नवरा आणि मी. चौघांच्या घरात दोघांची गाडी कशाला, असं मी नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं. तो म्हणाला, "ती आपली नाहीये. ती बाबांची आणि आईची आहे." एवढं बोलून तो पेपर वाचायला लागला, जणू काही सगळ्याच घरांत अशी वाटणी झालेली असते.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचेचं कपाट, मागे डोळे तपासायची खोली आणि खोलीच्या भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. बाबांचा आवाज त्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीसारखा होता. "तिसरी ओळ वाचा," असं ते म्हणायचे आणि गिऱ्हाईक डोळ्यांऐवजी कान ताणायचं. दुकानात कान तपासायचीही सोय हवी होती, असं सासूबाई म्हणत. त्यांचा स्वतःचा आवाज तीन घरं पलीकडे जाई.

बाबा बोलायला लागले की सासूबाई त्यांच्याकडे झुकत. जेवताना, दारात चपला घालताना, दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावरसुद्धा. मला सुरुवातीला वाटायचं, काय हे, या वयात किती गुलुगुलु बोलतात. जवळ जाऊन ऐकलं तर विषय असायचा संपलेल्या गॅसचा. पण झुकायच्या त्या अशा काही की गॅस संपणं ही मोठी खासगी गोष्ट वाटावी.

गाडी बनवणारा कारखाना गावाबाहेर, रेल्वेच्या फाटकापलीकडे आहे. कारखाना म्हणजे तीन पत्र्याच्या शेडी. वर्षाकाठी तिथून मोजक्याच गाड्या बाहेर पडत. बुटक्या, गोल नाकाच्या आणि आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला होत. सगळं काम हातानं. मालक स्वतः गाडीखाली झोपलेले असायचे आणि त्यामुळे त्यांचा चष्मा महिन्याआड फुटायचा. बाबा तेव्हा नुकतेच दुकानात बसायला लागले होते. दुरुस्त केलेला चष्मा घेऊन ते सायकलवरून कारखान्यात जात. एकदा मालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो नीट बसलाय का हे बघायला म्हणून बाबांनाच शेजारी घालून गाडी फाटकापर्यंत पळवून आणली. बाबा घरी आले ते सायकल तिथेच विसरून.

त्यानंतर कित्येक वर्षं बाबांच्या डोक्यात तीच गाडी. तिच्यापायी घरात काय काय आलं नाही हे सासूबाई मला भाजी निवडताना सांगत. फ्रिज आला नाही, पुढच्या खोलीला पडदे आले नाहीत, एका वर्षी तर नवी बादलीसुद्धा आली नाही. "आणि शेवटी आली ती काय, तर पिशवी ठेवायलाही जागा नसलेली गाडी," असं म्हणून त्या हसत. तक्रार करताना एवढं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्या कारखान्याची एक रीत होती. गाडी घेणाऱ्यानं नुसते पैसे भरून चालत नसे, त्याला कारखान्यात येऊन 'बैठक' द्यावी लागे. म्हणजे असं: एका लाकडी खोक्यात मळलेल्या कणकेसारखं प्लास्टर भरायचं, त्यावर पातळ कापड टाकायचं आणि गिऱ्हाइकानं त्यात बसायचं, ते घट्ट होईपर्यंत. शेजारी जी व्यक्ती कायम बसणार असेल तिनंही बसायचं. त्या साच्यावरून सीट बनायची. साचा वार्निश मारून कारखान्याच्या माळ्यावर ठेवला जाई. पुढेमागे सीट दबली, फाटली, की त्याच साच्यावरून नवी. मालक म्हणायचे, इंजिन कुणालाही चालवता येतं, सीट मात्र तुमची तुम्हालाच.

सासूबाईंची बैठक घेणारा प्लास्टरवाला त्या दिवशी वैतागला होता म्हणे. "बाई, सरळ बसा," असं तो दहादा म्हणाला आणि सासूबाई दहादा म्हणाल्या, "सरळच बसलेय." सीट तयार झाली ती वाकडी. सासूबाईंना ती कधी वाकडी वाटली नाही. वाकडी वाटली ती मला.

कारण पुढे कधीमधी मला त्या सीटवर बसावं लागे. नवरा गावाला गेलेला, बस चुकलेली, मग बाबा मला कामावर सोडत. जेमतेम पाव तासाचा रस्ता, पण उतरताना डाव्या कमरेत अशी कळ येई की दाराला धरून उभं राहावं लागे. मी कितीदा म्हटलं, "बाबा, ती सीट एकदा नीट करून घ्या. कुणीही बसलं तरी हेच होईल." बाबा काहीतरी पुटपुटत. इंजिनाच्या आवाजात ते मला कधीच ऐकू आलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही, कारण माझं लक्ष कमरेकडे असे.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. बाबा दर रविवारी सकाळी गाडी काढत राहिले. फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. शेजारच्या सीटवर ते काहीही ठेवत नसत, भाजीची पिशवीसुद्धा मांडीवर घेऊन येत. गाडी कशी चालवता येते तसं, देव जाणे.

गेल्या हिवाळ्यात बाबांना महिनाभर खोकला झाला आणि गाडी अंगणातल्या शेडमध्येच राहिली. बरे झाल्यावर त्यांनी दार उघडलं तर उंदरांनी डावी सीट खाऊन टाकली होती. चामडं, आतला फोम, सगळं. उजवीला दातही लावला नव्हता. मी धावत गेले तर बाबा वाकून तो भुसा हातात घेऊन बघत होते. ते म्हणाले, "साचा आहे ना माळ्यावर. करून घेऊ." आणि हात धुवायला गेले. पण त्यांचे हात बराच वेळ नळाखाली होते.

दुसऱ्या दिवशी बाबा कारखान्यात गेले तर कळलं, कारखाना विकायला काढलाय. मालक थकलेले, मुली दूर आणि दोघींनाही यात रस नाही. नवा मालक ठरेपर्यंत जुन्या गाड्यांची कामं बंद. झालं, बाबांची झोप उडाली.

झोप एकट्या त्यांची उडाली नव्हती. या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ आहे आणि ते रविवारी आमच्याच अंगणात भरतं. त्यात एक निवृत्त वकील आहेत. कोणीही काहीही बोललं की "माझी एक हरकत आहे" असं म्हणायची त्यांना सवय, म्हणून सगळे त्यांना हरकतराव म्हणतात. एक बेकरीवाले आहेत, ते आपल्याच मालाचे जुने गिऱ्हाईक असल्यासारखे दिसतात. एक गणिताच्या बाई आहेत, सगळ्यांत सावकाश बोलतात आणि सगळ्यांत जोरात गाडी चालवतात. आणखी दहा-वीस जण. आमच्याकडचे सगळे कप लागायचे.

त्या दिवसांत मंडळाचं दुसरं बोलणंच नव्हतं. कारखाना कोण घेणार? ट्रॅक्टरवाले घेणार, कोणी म्हणे. मग गाडीला मोठी चाकं लावतील. परदेशी कंपनी घेणार, मग नाव ठेवतील आणि गाडी दुसरीच विकतील. नवीन मालक मागे दोन सीट घालेल, या कल्पनेनं बेकरीवाल्यांनी कप खाली ठेवला. "आणि कप ठेवायला खोबण करतील," हरकतराव म्हणाले. यावर अशी शांतता पसरली की मला वाटलं कोणी गेलं की काय. मला मात्र खोबणीत काही वाईट दिसेना. माझ्या स्कर्टवर त्या गाडीत दोनदा चहा सांडलाय.

बाबा या सगळ्यात मिठाची गुळणी धरून बसलेले असत. एका रविवारी मी चहा देत असताना ते काही बोलले. कुणाच्याच लक्षात आलं नाही, वाद चालूच राहिला. मी त्यांच्या अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. मी ट्रे खाली ठेवून मोठ्यानं म्हटलं, "बाबा विचारतायत, साच्यांचं काय होणार?"

याचा विचार कुणीच केला नव्हता. जो कोणी कारखाना घेईल तो माळाभर जुनं प्लास्टर कशाला सांभाळेल? पहिल्याच दिवशी टेम्पो भरून फेकून देईल. त्या क्षणापासून मंडळाला ट्रॅक्टर आणि खोबणी यांचा विसर पडला आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी आपला साचा.

शेवटी कारखाना घेतला पाण्याचे पंप करणाऱ्या एका कंपनीनं. त्यांच्याकडून एक बाई सगळं बघायला सोमवारी येणार, असं कळलं. तेव्हा हरकतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा हरकत न घेता एक सूचना मांडली. साचे धूळ खात पडलेत. त्या अवस्थेत बघितले तर बाई त्यांना कचराच समजणार. तेच लखलखीत करून रांगेत मांडले तर? सूचना टाळ्यांनी मंजूर झाली. या मंडळींना गाडीवर धुळीचा कण दिसला तरी चैन पडत नाही. स्वतःच्या घरातलं कपाट वर्षानुवर्षं पुसणार नाहीत, ती गोष्ट वेगळी.

मालकांची परवानगी घेऊन शनिवारी सगळे बादल्या आणि मऊ फडकी घेऊन कारखान्यात गेले. बाबा चष्मा पुसायचं पिवळं कापड घेऊन गेले. संध्याकाळी आले ते कितीतरी दिवसांनी हसत. जेवायला बसल्यावर म्हणाले, "सापडला. मागे नंबर होता आपल्या गाडीचा. मी स्वतः पुसला, पुढून-मागून, आणि सगळ्यांबरोबर वाळत ठेवला." मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे बघितलं. आमच्याही जिवात जीव आला.

सोमवारी बाई आल्या. रांगेत मांडलेले चकचकीत साचे बघून खरोखरच खूश झाल्या. "फार छान ठेवलेत," त्या म्हणाल्या. "यातला कुठला कुणाचा?" प्लास्टरवाला, तोच जुना, आता पार म्हातारा झालेला, पुढे झाला आणि त्यानं एक साचा उलटा केला. मग दुसरा. मग तिसरा. मग मंडळाकडे वळून म्हणाला, "आकडे कुठं गेले?"

आकडे खडूनं लिहिलेले होते. गाडी विकली जाते, नंबर बदलतो, म्हणून कारखान्यात पहिल्यापासून खडूनंच लिहायची पद्धत. वार्निशवरचा खडू. इतकी वर्षं त्या धुळीखाली तो सुखरूप होता. मंडळानं तो मऊ फडक्यांनी, प्रेमानं, एकही न वगळता पुसून काढला होता.

"तुम्हाला आठवत असेल की," गणिताच्या बाई प्लास्टरवाल्याला म्हणाल्या.

"मी काय काय लक्षात ठेवू बाई? तोंड असतं तर ओळखलं असतं."

पंपवाल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी हसू दाबलं आणि सांगितलं की ज्या साच्याला मालक सापडेल तो कंपनी जपून ठेवेल, बिनमालकाचे मात्र काढावे लागतील, माळा हवाय. रविवारपर्यंत ओळखून नावं घाला. बाबा घरी आले आणि खुर्चीत बसले. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मीच पुसला." करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं काही तरी मी बोलणार होते. त्यांचा चेहरा बघून पाणी आणायला गेले. त्या आठवड्यात ते नीट जेवले नाहीत. रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन डाव्या बाजूच्या रिकाम्या पत्र्याकडे बघत उभे राहत.

रविवारी मी बाबांबरोबर गेले. कारखान्याच्या अंगणात साचे मांडले होते आणि त्यांत मोठमोठी, शहाणीसुरती माणसं बसून बघत होती. उठायची, पुढच्यात बसायची, मान हलवायची. एखाद्यानं बाहेरून बघितलं असतं तर पोलिसांना नाही, डॉक्टरांना बोलावलं असतं. एका साच्यावर हरकतराव आणि गणिताच्या बाई दोघांनी हक्क सांगितला. दोघं आळीपाळीनं बसले, आणि हरकतरावांना त्यातून उठताच येईना तेव्हा तो बाईंचा ठरला. बेकरीवाले कशातच मावेनात. त्यांच्या बायकोनं एका अरुंद साच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा यांचा. लग्नात हे एवढेच होते, मी स्वतः पाहिलंय." बेकरीवाल्यांनी त्या साच्याकडे असं बघितलं की मला त्यांचं फार वाईट वाटलं.

दुपारपर्यंत जो-तो आपापल्या साच्यावर रंगानं नाव घालून मोकळा झाला. मागे दहा-बारा साचे उरले. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की हे गेलेल्यांचे आहेत. येऊन बसायला त्यांच्यापैकी कुणीच येणार नव्हतं. हसणं थांबलं. लोक डबे बांधून निघायला लागले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून.

बाबा एकेका साच्यापाशी वाकले. ज्या बोटांनी काचेची जाडी कळायची ती बोटं त्यांनी कडांवरून फिरवली. काही कळलं नाही. शेवटी माझ्याकडे वळले. मी जवळ गेले म्हणून ऐकू आलं.

"ती तुझ्याहून थोडी ठेंगणी होती. पण बांधा तुझ्यासारखाच. बसून बघतेस का?"

मला संकोच वाटला. गेलेल्या माणसांच्या जागी बसायचं. पण मी बसले. पहिला फारच रुंद. दुसऱ्यात गुडघे वर येत होते, तो कुणातरी उंच पुरुषाचा असावा. तिसरा, चौथा, काहीच वाटलं नाही. पाचवा मला जवळजवळ बरोबर बसला. बाबा आशेनं बघत होते आणि मी हो म्हणून टाकलं असतं तर त्यांना खरंही वाटलं असतं. तो मोह मला झाला हे खरं. पण मी उठले.

त्याच्या पुढच्यात बसले, पाठ सरळ केली, आणि डाव्या कमरेत कळ आली.

मी ती कळ दोन क्षण तशीच राहू दिली. खात्री करायला. तीच होती. गाडीतून उतरल्यावर दाराला धरून उभं राहायला लावणारी. मी तोंड उघडणार इतक्यात बाबा काहीतरी म्हणाले. ते माझ्या उजव्या हाताला उभे होते. मी त्यांच्याकडे झुकले. "काय म्हणालात?"

आणि कळ गेली. साच्यानं माझी पाठ अलगद धरली, खांदा, कंबर, सगळं जिथल्या तिथे. इतकी वर्षं मी ज्या सीटला नावं ठेवली तिच्यात वाकडं काही नव्हतंच. ती ऐकत बसलेल्या बाईची सीट होती.

"जमतंय का, असं विचारलं," बाबा म्हणाले.

मी नुसती तशीच झुकून बसून राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते, म्हणजे मी बसले होते त्या वळणाकडे. मग ते सावकाश खाली, साच्याच्या कडेवर बसले.

"त्या दिवशीही मी इथंच उभा होतो," ते म्हणाले. "थंड लागतंय का, जमतंय का, सारखा विचारत होतो. तो ओरडायचा सरळ बसा म्हणून. आणि मी पुन्हा काही विचारलं की ही पुन्हा वाकायची." त्यांनी खिशातून ते पिवळं कापड काढलं आणि डोळ्यांवरचा चष्मा न काढताच डोळे पुसायला गेले.

नाव मी घातलं, लाल रंगानं, ठळक. बाबांनी रंगाचा डबा धरला.

कारखान्याचं पुढे काय होणार ते मंडळाला अजून माहीत नाही. रविवारी अंगणात तोच वाद. पंपवाल्यांनी नव्या गाडीत खोबण केली आहे, अशी बातमी आहे आणि हरकतरावांनी तिच्यावर हरकत नोंदवली आहे. जुन्या गाड्यांची कामं मात्र सुरू झाली. आमची सीट करायला सांगायला बाबा आणि मी गेलो तेव्हा प्लास्टरवाल्यानं साचा खाली काढून टेबलावर ठेवला होता आणि डोळा बारीक करून त्याच्याकडे बघत होता.

"हा मूळचाच वाकडा आलाय," तो म्हणाला. "आता करतोच आहे तर सरळ करून देऊ का?"

बाबा काहीतरी म्हणाले, पण त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"नको म्हणतायत," मी म्हटलं.